मागचा खांदा

सोनलच्या दोन्ही हातांत चहाचा कप होता आणि पडद्यावर पालखी चालत होती. कीबोर्ड समोर तसाच पडलेला, कुणाचं बोट त्याच्यावर नाही. पालखी मात्र उजवीकडे निघालेली. शेवटच्या घराचं अंगण ओलांडून ती गडग्यापर्यंत गेली, गडगा लागला तरी थांबेना, दगडांना अंग घासत तशीच पुढे सरकत राहिली. पुढे एक माणूस, मागे एक माणूस, खांद्यांवर दांडा, मध्ये लाल छत आणि छताला झेंडूच्या माळा. माळांचं ते हलणं सोनलनेच बसवलं होतं. पावलांचा ताल तिनेच दिला होता. गडग्याचा दगडन् दगड शेजारच्या टेबलावर रंगवला जाताना तिने पाहिला होता. तरी तिच्या हातावर काटा आला, मनगटापासून कोपरापर्यंत, सर्रकन. आणि तो बसायच्या आत दुसरं काहीतरी आलं, ते लाजेसारखं होतं. आपणच शिवलेल्या बाहुलीने डोळे मिचकावले म्हणून दचकावं, आणि दचकताना कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे वळून बघावं, तसं. मागे कुणी नव्हतं. खिडकीबाहेर माजिवड्याचे पूल एकावर एक चढलेले आणि त्यांच्यावरून दुपारची वाहनं आपापल्या बाजूने मुकाट चाललेली.

काय झालंय ते कळायला वेळ लागला नाही. कळलं, म्हणूनच गोंधळ वाढला. खेळ कोकणातल्या शिमग्याचा होता. खेळणाऱ्याने बाणांच्या चार बटणांनी ग्रामदेवतेची पालखी गावातून फिरवायची, घरोघरी न्यायची. चित्रं दुसऱ्यांची, ढोलांचे आवाज बाहेरून आणलेले, बटणं सोनलची. बटण दाबलं की पालखीने चालायचं, सोडलं की थांबायचं, ऐकायला एवढंच. पण बाहेरच्या माणसाला वाटतं की बटण दाबलेलं आहे तोवर यंत्राला ते दिसत असतं. यंत्राला काही दिसत नाही. त्याच्याकडे दोनच निरोप येतात, एक बोट खाली गेल्याचा आणि एक बोट उचलल्याचा. ह्या दोन निरोपांच्या मधला जो काळ, त्याला चालणं म्हणायचं. मघाशी तिने उजवा बाण दाबून धरलेला असताना बाबांचा फोन आला. फोन कंप्युटरला जोडलेला, त्यामुळे त्याची चौकट खेळाच्या वर उघडली. तिने बोट उचललं, पण उचलल्याचा निरोप त्या चौकटीने मधल्यामध्ये घेतला, पालखीपर्यंत तो पोचलाच नाही. ती खिडकीकडे तोंड करून बोलत राहिली, मग चहा आणायला उठली, आणि इकडे पालखी केव्हाच उचललेल्या त्या बोटाच्या जोरावर सबंध गाव पार करून गेली.

"कामात आहेस का गं?" बाबांनी विचारलं होतं. फोन केला की ते आधी हेच विचारायचे, जणू पलीकडे साहेब बसलाय.

"बोला ना."

"गावाहून गणूचा फोन आलेला. आज गावकी बसतेय त्यांची. विचारत होता, यंदा पालखीला आपल्या घरचा खांदा कोणाचा."

"मग? काय म्हणालात तुम्ही?"

"मी काय म्हणणार? गुडघा बदललेला माणूस मी. तोच म्हणाला, पोरगी येते का बघ, हल्ली आपल्याकडे पण येतात मुली खांद्याला." मग घाईघाईने, खोकल्याच्या आडून, "तुझी सुट्टी, काम, ते असेलच. नसेल जमत तर तसं सांगू. संदेशच्या घरी जाईल मान. जाऊ दे, घरातलाच आहे तो. संध्याकाळी फोन करणारे गणू परत. काय सांगू?"

"येते घरी, मग बोलू," ती म्हणाली. संदेश चुलतभाऊ, चांगला मुलगा, गावातच राहतो. वाईट काहीच नव्हतं त्यात. फक्त गावाचा एक रिवाज होता, एका घराकडून दुसऱ्या घराला गेलेला खांदा परत मागायचा नाही. सोनलला भाऊ नव्हता. आज ती नाही म्हणाली, की बाबांचा, बाबांच्या वडिलांचा, त्यांच्याही आधीच्या कुणाकुणाचा मागचा खांदा संपणार होता, तोही फोनवर, दोन वाक्यांत. आणि तिला जायचं होतं की नव्हतं, हेच तिला समजत नव्हतं. जावंसं वाटत होतं, पण ते वाटणं तिचं होतं का? का कुणीतरी कधीतरी दाबून ठेवलेलं, आणि सोडल्याचा निरोप मधल्यामध्ये कुणी घेतलेला? बाबांनी तर कधी म्हटलंही नव्हतं की तू ये. नको असंही म्हटलं नव्हतं.

"ओहोहो!" मागून अद्वयचा आवाज आला. खेळ त्याच्या डोक्यातून निघालेला, टीमही त्याची. राहणारा नौपाड्याचा, वयाने तिच्याहून लहान. "हे कधी केलंस?"

"काही केलं नाही. चुकलंय."

"चुकलंय? अगं, आज पहिल्यांदा ती रिक्षा वाटत नाहीये." महिनाभर हेच चाललं होतं. बटणाबरोबर लगेच वळली की अद्वय म्हणायचा, पालखी नाही, रिक्षा आहे ही. वळायला जरा उशीर लावला की म्हणायचा, आता रिक्षावाला पिऊन आलाय. "बघ ना, कशी गडग्याला रेलून चाललीय. हट्टी. तिच्या मनात काहीतरी आहे."

"तिच्या मनात काही नाही. बटण सोडल्याचं तिला कळलं नाही, फोन आला म्हणून."

"मग नको ना कळू दे! रोज नाही, कधीतरी. खेळणारा बटण सोडेल आणि ही चालतच राहील. तो म्हणेल, अरे, देवी स्वतः निघाली."

"पण ती निघालेली नाही ना अद्वय. ते माझं बोट आहे. जुनं."

"बरं, मग तुमच्या गावाला कोण नेतं?" त्याने विचारलं. चिडवायला नाही. त्याने शिमगा पाहिलाच नव्हता, त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. देवी नेते, हे वाक्य गावात किती सहज म्हणता येतं. इथे, ह्या थंड खोलीत, कप हातात धरून, ते तिच्या तोंडी येईना. माणसं नेतात, हे त्याहून येईना.

"सोमवारी खेळ बघायला येतायत ती पैसे घालणारी मंडळी," अद्वय जाता जाता म्हणाला. "काय ठेवायचं ते ठरव तू."

ठरव. तिने दुरुस्ती लिहिली, एवढीशीच होती. खेळाच्या वर दुसरी चौकट उघडली की सगळी बोटं उचलली असं धरायचं. करून पाहिलं. पालखी गडग्याशी जागच्या जागी थांबली, दिवा मालवल्यासारखी. माळा दोनदा हलल्या आणि लोंबत राहिल्या. तिला कुणाचं तरी बोलणं अर्ध्यात तोडल्यासारखं वाटलं. दुरुस्ती काढून टाकली. मग पुन्हा घातली. शेवटी खेळाच्या दोन प्रती केल्या, एक थांबणारी आणि एक न थांबणारी, आणि दोन्ही तशाच ठेवून ती स्कूटीची चावी शोधायला लागली. चावी तिच्याच मुठीत होती.

माणकोलीच्या पुलावर चढलं की ऊन एकदम अंगावर येतं. खाली खाडी, तिच्यात आकाशाचं मळकं पाणी, दोन्ही काठांना तिवरांची हिरवी दाटी, समोर डोंबिवलीच्या इमारती पोरांनी रांगेत उभं राहावं तशा. पूल झाल्यापासून ती ह्याच रस्त्याने येते. हात आपोआप जोर कमी करतात, आपोआप वळवतात. लहानपणी ते मोहन्याला, कारखान्याच्या चाळीत राहायचे. बाबा तिथे कामाला होते. नळावर, रेशनच्या रांगेत, जिन्यात, सगळीकडे ते आधी दुसऱ्याला जाऊ द्यायचे. "तुम्ही व्हा पुढे," हे त्यांचं वाक्य. आई चिडायची, म्हणायची, ह्यांच्या पुढे गेलेली माणसं आता पार कर्जतला पोचली असतील. शिमग्याला मात्र एसटीतून उतरले की बाबा दुसरेच व्हायचे. सहाणेवरून, म्हणजे देवीच्या चौथऱ्यावरून, पालखी उठायची, पुढचा खांदा गणूकाकांचा, मागचा बाबांचा. मागच्याला पुढचं काही दिसत नाही, त्याच्या डोळ्यांसमोर लाल छत असतं. आणि समोरून बघणाऱ्यांना तो दिसत नाही. गर्दीत, माणसांच्या कमरेएवढ्या उंचीवर उभ्या राहिलेल्या सोनलला बाबांचे फक्त पाय दिसायचे. अनवाणी, धुळीने पांढरे झालेले, टाचा फुटलेले पाय, आणि ते कुणालाही पुढे व्हा म्हणत नव्हते. ढोल वाढला की ते पाय मागे यायचे, पुढे झेपावायचे, आडवे पळायचे. आई ओटीचं ताट धरून पुटपुटल्यासारखी गायची,

अंगणी आली आई, नको पुसू कुणी आणली
पायांनी वाट जाणली, डोळ्यांआधी

आणि मग ते गंगुबाईचं वर्ष. तिला ते पूर्ण आठवतं की आईने सांगून सांगून आठवायला लावलंय, हेही आता सांगता येत नाही. बांधाच्या भांडणावरून गावाने गंगुबाईशी बोलणं टाकलं होतं. बाई एकटी, वरच्या अंगाला घर, पालखी तिच्या पायरीखालून निघून जायची आणि ती दार लोटून आत बसायची. त्या वर्षी पालखी तिच्या पायरीशी आली आणि अडली. पुढे जाईना. ढोलवाले वाजवत पुढे गेले, परत आले. पालखी मागे सरली, पुन्हा तिथेच आली. धुळीत ते पांढरे पाय थरथरत होते. आणि एकदम, कुणी काही म्हणायच्या आत, पालखी वळली आणि पायऱ्या चढून गंगुबाईच्या अंगणात शिरली. सगळं गाव खाली उभं. गंगुबाई बाहेर आली. तिच्याकडे नारळ नव्हता, फूल नव्हतं. तिने तांब्या आणला आणि दोघांच्या पायांवर पाणी ओतलं, आणि तांब्या रिकामा झाला तरी ओतत राहिली. दुसऱ्या दिवशी बायका तिच्याकडे ताक मागायला गेल्या. देवीआईची मर्जी, लोक म्हणाले. सोनलनेही तेच म्हटलं, मोठ्याने. पण आत, कुणाला न सांगता, तिने एक वेगळंच धरून ठेवलं होतं. ते बाबांनी केलं. मागून, कुणाला तोंड न दिसता, त्यांनी रेटा दिला. नळावर शेवटी उभ्या राहणाऱ्या माणसाने अख्ख्या गावाला वळवलं. शाळेत कुणी बोललं, कॉलेजात मुलांच्या वर्गात एकटी बसली, पहिल्या नोकरीत साहेबाशी भांडली, तेव्हा ती ते मनातल्या मनात चाचपून बघायची. आहे. मग आता खांद्याला हो म्हणताना पाय का अडतोय? कारण दांड्याखाली गेलं की कळेल. खरंच रेटा देता येतो का ते कळेल. देता येत असेल तर देवी गेली. येत नसेल तर बाबा गेले. आणि दोन्ही गेलं तर काय उरेल, एक जुनं बोट? तिने पाहिलं तर समोर मोठागावचा रस्ता होता. पूल मागे राहिला होता. ती कधी उतरली, कुठे वळली, तिला काही आठवेना.

घरी बाबा हॉलमध्ये खुर्चीत, पाय स्टुलावर, गुडघ्यावर शिवणीची जांभळी रेघ. आई खाली फतकल मारून मोड आलेले वाल सोलत बसलेली.

"आली का? हात धू आणि बस इथे," आई म्हणाली. "तुझ्या बापाने दुपारपासून फोनकडे बघून बघून त्याची बॅटरी संपवत आणली."

"मी कुठे बघतोय," बाबा म्हणाले.

सोनल वालांशी बसली. साल बोटांत सुळकन निघायचं, आतून ओला, गुळगुळीत दाणा. ती बराच वेळ सोलत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "बाबा, वळायचं कुणी ठरवायचं?"

"कशाचं?"

"पालखीचं. दोघं असता ना तुम्ही. मग डावीकडे जायचं, कुठे थांबायचं, ते कोण ठरवतं?"

"ते कळतं गं." त्यांनी हात हवेत फिरवला. "दांडा सांगतो."

"पण दांडा तर तुमच्याच खांद्यावर. गंगुबाईकडे कुणी वळवली?"

आईचे हात थांबले. बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते सोनलने आधी पाहिलं नव्हतं. रस्ता विचारल्यावर, आपण इथलेच असून तो सांगता न येणाऱ्या माणसाचा चेहरा असतो, तसा. तिला वाटलं, आपण नको तिथे हात घातला. तेवढ्यात फोन वाजला आणि बाबांनी घाबरून तो आधी उलटा धरला. सोनलने घेऊन स्पीकरवर टाकला.

"महिपत! काय रे, गुडघा काय म्हणतोय? नवा हाय म्हंजे नाचत आसंल नुस्ता!"

"बरा आहे. गणू—"

"हितं सगळी बसलीत. पोरीचा काय ठरला ता सांग, म्हंजे मी तोंड उघडतो."

"गणू, एक विचारू?" बाबांचा आवाज इतका लहान झाला की आईने वालांचं भांडं बाजूला सारलं. "गंगूकडे त्या वर्षी... पायऱ्या चढलो आपण. ते तूच वळवलंस ना?"

पलीकडे कुणीतरी ढोल तापवून थाप देऊन बघत होतं. एक थाप, मग थांबणं, मग एक थाप.

"म्हंजे?" गणूकाका म्हणाले. "मी कशाला? मी तर भ्यालो होतो, मेल्या. सगळा गाव खाली उभा. मागनं रेटा आला म्हणून चढलो. तू दिलास ना रेटा?"

"मी?" बाबा म्हणाले. "मला तर दांडा पुढे ओढत होता. मला छताशिवाय काय दिसतंय? मला वाटलं, गणूने धाडस केलं."

"आन् मला वाटला, महिपतना केला." गणूकाकांचा आवाज बदलला, ते लोकांपासून बाजूला झाले असावेत. ढोल लांब गेला. "मी कदी कुणाकडं बोल्लो नाय. म्हटला, गरीब मानूस, आपनहून बोलंल तवा बोलंल."

"मी पण तेच धरून बसलेलो रे."

मग गणूकाकांना हसू आलं, ते आधी हसणं होतं की खोकला ते कळेना, आणि बाबाही हसायला लागले, खुर्चीचा हात घट्ट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई एकदा फोनकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघत म्हणाली, "आयुष्यभर दांड्याखाली गेले आणि एकाने दुसऱ्याला विचारलं नाही. धन्य." सोनल हसली नाही. जे तिने इतकी वर्षं आत चाचपलं होतं, तिथे तिने पुन्हा हात नेला. बाबा तिथे नव्हते. पण जागा रिकामीही नव्हती. तिथे धुळीत थरथरणारे पाय होते, चार, आणि त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं की आपण चढतोय. भ्यालेले होते आणि चढत होते. हे मोठं की लहान, तिला ठरवता येईना.

"बरा, आता पोरीचा बोल," गणूकाका नाक ओढत म्हणाले. "माणसा खोळंबलीत."

बाबांनी सोनलकडे पाहिलं. ह्या वेळी तुझं काम असेल, सुट्टी असेल, असं काही ते म्हणाले नाहीत. नुसतं पाहिलं.

तिला म्हणायचं होतं, उद्या सांगते. "गणूकाका," ती म्हणाली, "मला त्यातलं काही कळत नाही. कुठे वळायचं, कधी थांबायचं, काहीच नाही."

"मग आमाला काय कळत होता गो? आता आयकलास ना?"

"मला भीती वाटते."

"ती तर मलापन वाटते. बोल."

"येते," सोनल म्हणाली, आणि आपण ते म्हटल्याचं तिला आईच्या चेहऱ्यावरून समजलं.

फोन ठेवल्यावर बाबा एकदम लगबगीला आले. "इकडे ये, इकडे. उभी राहा. दांडा कुठे बसतो ते बघून ठेव, नाहीतर पहिल्या घरालाच मान आखडेल." ती त्यांच्या खुर्चीपुढे पाठ करून जरा वाकून उभी राहिली. त्यांनी बसल्या बसल्या तिच्या उजव्या खांद्यावर तळवा ठेवला, मानेकडे सरकवला, पुन्हा बाहेर घेतला. "हाडावर नाही. हाडाच्या आत, इथे, मांस आहे तिथे." तळवा जड झाला. आणखी जड झाला. ते जागा दाखवतायत की आधार घेतायत हे तिला कळेपर्यंत त्यांचं सगळं वजन तिच्यावर आलं, स्टूल सरकलं, आणि वॉकर भिंतीशी तसाच राहिला असताना बाबा तिच्या मागे उभे होते. त्यांचा श्वास तिच्या केसांना लागत होता. ती त्यांच्या पावलाची वाट बघत थांबली. ते बहुतेक तिच्या.

"अहो, चाला ना कुणीतरी," आई खालून ओरडली. "माझे वाल आहेत पायात."

दोघंही एकदमच निघाले.